छापणाऱ्याचे नाव

लोकमान्य टिळकांचा जन्म 1856 मध्ये रत्नागिरीत झाला, हा उल्लेख येथील प्रत्येक स्वागतात येतोच. परंतु लोकानुनय, वृत्तपत्रांचे उत्तरदायित्व आणि अपप्रचार या विषयांवर येथे भरलेल्या या परिषदेत त्यांच्या चरित्रातील जे प्रकरण आधी उघडावयास हवे, ते गौरवपर भाषणांत सहसा घाईने उरकले जाते.

कोल्हापूरचे तरुण छत्रपती चौथे शिवाजी महाराज यांचा छळ होत असून त्यामागे कारभारी माधवराव बर्वे आहेत, असा प्रवाद होता, आणि पुरावा म्हणून हाती आलेल्या पत्रांवर विसंबून नव्यानेच निघालेल्या ‘केसरी’ व ‘मराठा’ यांनी बर्व्यांवर टीकेची झोड उठवली. बर्व्यांनी अब्रुनुकसानीची फिर्याद केली, पत्रे बनावट ठरली, आणि दिलगिरी व्यक्त करूनही वृत्तपत्रांचे संपादक टिळक व आगरकर यांना 1882 मध्ये शिक्षा होऊन 101 दिवस डोंगरीच्या तुरुंगात काढावे लागले. सुटकेनंतर त्यांचा जंगी सत्कार झाला. त्यांच्या जामिनासाठी, मतभेद असूनही, जोतीराव फुले यांनी खटपट केली होती. महाराजांविषयीची लोकांची कळकळ खरी होती, आणि 1883 मध्ये अहमदनगरच्या किल्ल्यात नजरकैदेत असताना झालेल्या त्यांच्या मृत्यूने ती अस्थानी नव्हती हेही दिसले. पत्रे मात्र खोटीच होती. असत्य हे असे बहुधा खऱ्या दुःखाचा हात धरून येते, आणि लोकानुनयी राजकारण, म्हणजे समाजाची ‘खरी जनता’ व ‘तिचे वैरी’ अशी फाळणी करून जनतेच्या वतीने बोलण्याचा मक्ता एकट्या नेत्याकडे देणारे राजकारण, याच जोडीवर पोसले जाते.

तथापि त्या खटल्यात चूक कोणाची, हे शोधावे लागले नाही, कारण 1867 च्या मुद्रणविषयक कायद्याने मुद्रक व प्रकाशक यांची नावे छापणे बंधनकारकच होते. 1 जुलै 2018 रोजी साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे, आठवडी बाजाराच्या दिवशी, मुले पळवणारी टोळी समजून जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच भिक्षेकऱ्यांचे प्राण घेतले, तेव्हा मोबाइलवरून फिरलेल्या अफवेखाली कोणाचेच नाव नव्हते. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवण्याची मर्यादा घातली. वेग त्याने कमी झाला असेल, जबाबदारी काही निर्माण झाली नाही.

उलट नावानिशी लिहिणाऱ्याला काय मोजावे लागते, हे याच रत्नागिरी जिल्ह्याने पाहिले आहे. येथील नियोजित रिफायनरीच्या वादावर बातम्या देणारे पत्रकार शशिकांत वारिशे यांच्या दुचाकीला 6 फेब्रुवारी 2023 रोजी राजापूरजवळ गाडीने धडक दिली, दुसऱ्या दिवशी त्यांचे निधन झाले, आणि या प्रकरणात खुनाचा गुन्हा दाखल झाला. किंमत केवळ जिवाचीच नसते: तालुक्याचा वार्ताहर तुटपुंज्या मानधनावर बातमी आणतो आणि अनेकदा जाहिरातही त्यानेच आणायची असते. ज्या पुढाऱ्याच्या वाढदिवसाच्या पुरवणीसाठी तो सकाळी दारात उभा राहतो, त्याच्याच सभेतील आकडे त्याने संध्याकाळी तपासावेत, ही अपेक्षा कोणत्या बळावर करायची, याचा विचार या परिषदेने वाचकांच्या भोळेपणाआधी करावा, अशी स्वागत समितीची विनंती आहे.