खांदा आणि कठडा

(सोसायटीच्या ज्येष्ठ सभासदांच्या मेळाव्यात गच्चीवर केलेल्या भाषणाचा मजकूर. बोललो तसाच ठेवला आहे. चार-दोन जागी दुरुस्ती केली आहे.)



सचिवांनी मला सांगितलं, "तुम्ही खांद्याच्या ऑपरेशननंतर व्यायाम करून हात पुन्हा कमावलात, त्यावर दहा मिनिटं बोला." मी छत्तीस वर्षं बँकेत काढली. दहा मिनिटांत हिशेब देण्याची सवय आहे. पण या हिशेबात माझी स्वतःची एक चुकीची नोंद आहे, ती शेवटी सांगेन. म्हणून शेवटपर्यंत बसावं ही विनंती.

ऑगस्ट २०२२. श्रावण होता, दिवसभर झड लागली होती. मी दुसऱ्या मजल्यावरून खाली उतरत होतो. आपल्या जिन्याला कठडा एकाच बाजूला आहे, उतरताना उजव्या हाताला येतो तो. समोरून वर येणाऱ्या वहिनींना कठड्याची बाजू द्यावी म्हणून मी भिंतीकडे सरकलो. पायरी ओली होती. पाय सटकला, धरायला भिंतीवर काही नव्हतं, आणि पडताना उजवा हात पुढे टेकला. वय तेव्हा एकाहत्तर.

हाड मोडलं नव्हतं. मग सगळ्यांनी ठरवलं, मुकामार आहे. मीही तेच ठरवलं. बाम झाला, तेल चोळून झालं, गरम मिठाची पुरचुंडी झाली. तीन आठवडे असेच गेले. हात दुसऱ्याने उचलून दिला तर वर जायचा, आपला आपण जायचा नाही. शर्ट सौ. घालून द्यायची. शेवटी मुंबईला मुलाकडे गेलो, एमआरआय झाला आणि कळलं की खांद्याच्या वरचा एक स्नायू हाडापासून पूर्ण सुटला आहे.

इथे थोडं शरीरशास्त्र सांगतो, कारण ते कळल्याशिवाय पुढचा व्यायाम कळत नाही. आपल्याकडे बायका डोक्यावर चुंभळ ठेवून त्यावर पाण्याचा हंडा घ्यायच्या. खांद्याचा सांधा तसाच आहे. दंडाच्या हाडाचा गोळा मोठा आणि तो ज्यावर बसतो ती खोबण लहान, उथळ. म्हणूनच हात सगळीकडे फिरतो, आणि म्हणूनच तो डळमळीतही असतो. हंडा सावरायला हात लागतो, तसा हा गोळा सावरायला चार स्नायू आहेत. शर्टाचा कफ मनगटाभोवती बसतो तसे ते गोळ्याभोवती बसतात, म्हणून त्यांना रोटेटर कफ म्हणतात. दिसायला दंडाचा फुगा मोठा, पण घर सांभाळतात ते हे चौघे. माझ्या चौघांतला एक सुटला होता.

सप्टेंबरमध्ये दुर्बिणीतून शस्त्रक्रिया झाली. हाडात छोट्या खुंट्या बसवून सुटलेला स्नायू दोऱ्याने पुन्हा बांधला. डॉक्टर म्हणाले, "माझं काम दीड तासाचं होतं. तुमचं वर्षभराचं आहे." मला वाटलं, म्हणायची पद्धत असेल. तसं नव्हतं.

पहिले सहा आठवडे हात पट्ट्यात, बगलेखाली उशी. झोप आरामखुर्चीत. आणि दिघीला परत आल्यावर एक गंमत झाली. जिना चढताना कठडा डाव्या हाताला येतो, तेव्हा प्रश्न नाही. उतरताना तो उजव्या, म्हणजे बांधलेल्या हाताला. मग मी काय करायचो? शिडीवरून उतरावं तसा उलटा उतरायचो, डाव्या हाताने कठडा धरून. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी ते पाहिलं आहे. काही जण हसलेही आहेत. माझी तक्रार नाही.

फिजिओथेरपीसाठी जंगलजेटीने आगरदांड्याला जायचं, तिथून मुरूडवरून अलिबाग. दर पंधरा दिवसांनी. मधल्या काळात फिजिओथेरपिस्ट मुलगी फोनवर व्हिडिओतून बघायची. आपल्या पिढीला मालीशवाला माहीत, फिजिओथेरपिस्ट माहीत नाही. खरं तर मुंबईत केईएम रुग्णालयात हे शिक्षण पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीलाच सुरू झालं. पण आपल्याला वाटतं, चोळून घेतलं की झालं. तिने पहिल्याच दिवशी मला सांगितलं, "काका, मी काही चोळणार नाही. करायचं तुम्हालाच आहे."

सुरुवातीचा व्यायाम म्हणजे व्यायाम वाटतच नाही. टेबलावर डावा हात टेकून वाकायचं आणि उजवा हात घड्याळाच्या लंबकासारखा लोंबू द्यायचा. हात हलवायचा नाही. अंग हलवायचं, हात आपोआप हलतो. बोस्टनच्या डॉ. कॉडमन यांच्या नावाने हा प्रकार ओळखला जातो. त्यांचं खांद्यावरचं पुस्तक १९३४ सालचं आहे. त्याच काळात बाकी शरीर बसवून ठेवायचं नाही. खुर्चीतून हात न लावता दहा वेळा उठणं, गॅलरीत चालणं, मुठीत स्पंजचा चेंडू दाबणं, डाव्या हाताचा व्यायाम. एका हाताला ताकदीचा व्यायाम दिला तर बांधलेल्या दुसऱ्या हाताची ताकदही थोडी टिकून राहते, असं संशोधनात दिसलेलं आहे. मला ते ऐकून बरं वाटलं. एका खात्यात भरलं तरी दुसऱ्या खात्याला थोडं व्याज मिळतं, अशी सोय बँकेत मी कधी पाहिली नव्हती.

सहा आठवड्यांनी पट्टा निघाला. दरवाजावर कप्पी टांगून दोरी ओढायची होती : डाव्या हाताने ओढायचं, उजवा हात नुसता वर जाऊ द्यायचा. विकत मिळते, पण आपल्या कोळीवाड्यातल्या एका मित्राने होडीची जुनी कप्पी आणि नायलॉनची दोरी आणून दिली. ती अजून माझ्या दरवाजावर आहे. भिंतीवर बोटांनी मुंगीसारखं वर चढायचं आणि जिथे पोचलो तिथे पेन्सिलीने खूण करायची. भिंतीचा रंग खराब झाला, सौ.ने पहिल्यांदाच काही म्हटलं नाही.

आणि आता माझी घोडचूक. आठवा आठवडा. दुखणं जवळजवळ गेलं होतं. रात्री झोप लागायला लागली होती. मला वाटलं, झालं, बरे झालो. त्या आठवड्यात आपला पंप बिघडला होता, आठवत असेल. खालून पाणी आणायचं होतं. सौ.चे गुडघे दुखतात. मी बादली उचलली, तीही अर्धीच. डाव्या हाताने पहिल्या मजल्यापर्यंत आणली, तिथे हात बदलला. पुढच्या चौथ्या पायरीवर खांद्यात खट्कन झालं.

त्या रात्री मी आरामखुर्चीत बसून होतो. झोप नाही. दुखण्यापेक्षा भीती मोठी होती. पुन्हा शस्त्रक्रिया करायची म्हटलं तर मुलगा म्हणणार, दिघीची जागा विका, मुंबईला या. आम्ही दोघं इथे एकमेकांच्या आधारावर राहतो. तिला खुर्चीतून उठताना माझा हात लागतो. तो हातच गेला तर इथे राहायचं कशाच्या जोरावर? हे मी आजपर्यंत कोणाला बोललो नव्हतो.

सकाळच्या पहिल्या जेटीने अलिबाग गाठलं. सोनोग्राफी झाली. टाके शाबूत होते. सूज आली होती. आठवडाभर पुन्हा पट्टा, आणि ताकदीचा व्यायाम एक महिना पुढे. मुदत ठेव मुदतीआधी मोडली की दंड लागतो, तो लागला. मूळ रक्कम वाचली. मग त्या मुलीने जे सांगितलं तेच आज मला तुम्हाला सांगायचं आहे. ती म्हणाली, "काका, दुखणं थांबलं म्हणजे जखम भरली असं नाही. दुखणं आधी जातं. ताकद आल्यासारखीही आधी वाटते. पण स्नायू हाडाशी रुजायला बारा आठवडे तरी लागतात, आणि पक्का व्हायला आणखी कितीतरी महिने. सगळ्यात जास्त जपायचं ते बरं वाटायला लागल्यावर."

आपण निसर्ग वादळ पाहिलं आहे, ३ जून २०२०. आपल्या आणि दिवेआगर-श्रीवर्धनच्या वाड्यांत पोफळी आडव्या झाल्या. नवी रोपं लावली, त्यांना वर्षभरात हिरवी पानं आली. म्हणून कोणी त्यावर चढायला गेलं का? नाही. वरचं हिरवं दिसतं, खालचं मूळ दिसत नाही.

मोठ्यांचंही तसंच. सचिन तेंडुलकरची खांद्याची शस्त्रक्रिया मार्च २००६ मध्ये लंडनला झाली. वेस्ट इंडिजविरुद्ध क्वालालंपूरला त्याने नाबाद १४१ केल्या त्या सप्टेंबरमध्ये. श्रेयस अय्यरचा खांदा मार्च २०२१ मध्ये पुण्याजवळ गहुंज्याला क्षेत्ररक्षण करताना निखळला, शस्त्रक्रिया झाली, तो पुन्हा मैदानात आला तोही सप्टेंबरमध्ये. तरुण, कसलेली शरीरं, दिमतीला तज्ज्ञ, तरी सहा-सहा महिने. आणि आम्ही एकाहत्तरीत आठव्या आठवड्याला बादली उचलणार!

त्यानंतर मी शिस्तीत आलो. एक वही केली. तारीख, व्यायाम, किती वेळा, दुखणं दहापैकी किती. नियम असा : तीनपर्यंत दुखलं तर चालेल, त्याच्या वर गेलं किंवा दुसऱ्या सकाळपर्यंत टिकलं, तर एक पायरी खाली यायचं. वाढवायचं ते थोडं आणि एका वेळी एकच : एकतर वजन, नाहीतर संख्या.

चौथ्या महिन्यात ताकदीचा खरा व्यायाम सुरू झाला. आधी नुसतं दाराच्या चौकटीवर मूठ दाबायची, हात हलवायचा नाही. मग रबरी पट्टा : कोपर अंगाला, बगलेत टॉवेलची गुंडाळी, आणि हात दार उघडल्यासारखा बाहेर न्यायचा. पिवळा पट्टा हलका, मग लाल, मग हिरवा. लाल पट्ट्यावर यायला मला पाच आठवडे लागले. मग पट्टा खिडकीच्या गजाला बांधून स्वतःकडे ओढायचा. हे मला जमेना, मान आखडायची. कप्पी देणारा मित्र बघत होता. तो म्हणाला, "काका, हातानं नाय वढायचा, पाठीनं वढायचा. आमी जाळं तसंच वढतो." पुढच्या खेपेला मी हे अलिबागला सांगितलं. ती मुलगी म्हणाली, "बरोबर सांगितलं त्यांनी. आधी दोन्ही खवाटे मागे घ्या, मग हात." माझी मान त्या दिवसापासून दुखली नाही.

शेजारच्या एका आजोबांनी सल्ला दिला होता, आता मुद्गल फिरवा. मुद्गल उत्तम व्यायाम, पण डोक्यावरून झोका देणं हे शेवटचं पान आहे. मी पहिल्या पानावर होतो. सहाव्या महिन्यात अर्धा किलोचं वजन आलं, म्हणजे अर्धा लिटरची पाण्याची बाटली. वर्षाने दोन किलो. आज तीन वर्षं होत आली. हात सरळ वर जातो. पाठीमागे पूर्ण जात नाही, आता जाणारही नाही. माळ्यावरचा डबा मी काढत नाही. पण शर्ट माझा मी घालतो, आणि सौ.ला उठताना उजवा हातच देतो.

दोन गोष्टी सांगून संपवतो. पहिली : माझं वेळापत्रक कोणी उतरवून घेऊ नये. फाटलेलं किती, टाके कसे, हे प्रत्येकाचं वेगळं. आपल्या डॉक्टरांना विचारा. पण पडायची वाट बघू नका. वयाबरोबर स्नायू झिजतात, नुसतं चालून ते भरत नाहीत. जागतिक आरोग्य संघटना पासष्टीपुढच्यांना आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंच्या ताकदीचा आणि तीन दिवस तोल सांभाळण्याचा व्यायाम करायला सांगते. मंगळवारी आणि शनिवारी सकाळी सात वाजता मी इथे गच्चीवर असतो. समोर जंजिरा दिसतो, वारा असतो, आणि माझ्याकडे पिवळे पट्टे चार जादा आहेत.

दुसरी म्हणजे ती चुकीची नोंद. मी खजिनदार असताना, २०१६ साली, एका सभासदाने अर्ज दिला होता की जिन्याच्या भिंतीकडूनही कठडा बसवावा. खर्च अठरा हजार. त्या अर्जावर माझ्या अक्षरात शेरा आहे : "तूर्त आवश्यकता नाही." गेल्या महिन्यात स्मरणिकेसाठी जुन्या फायली चाळताना तो समोर आला. अर्ज करणारे आज हयात नाहीत. त्यांची क्षमा मागायची राहून गेली. उलटा जिना उतरताना मला रोज वाटायचं, या बाजूला कठडा का नाही? तो का नाही, ते माझ्याच सहीने फायलीत होतं.

तर रौप्यमहोत्सवी वर्षात तो कठडा व्हावा असा ठराव मी मांडतो. अठरा हजार माझे. भाव वाढला असेल, वरचे सोसायटीने घालावेत. अनुमोदन कोणीतरी द्यावं.



(ठरावास त्याच सभेत अनुमोदन मिळाले. भिंतीकडील कठडा तळमजल्यापासून गच्चीपर्यंत बसवून झाला आहे. — संपादक मंडळ)