देवाचे पहिले अक्षर
(मंडळाच्या सभेत दिलेले व्याख्यान)



आपण परप्रांती राहणारी माणसे. घरात मराठी बोलतो. मुले मात्र शिकतात इंग्रजीत, आणि देवधर्माविषयी त्यांना लिहावे लागते तेही पुष्कळदा इंग्रजीतच. तेथे एक शंका हटकून निघते : ख्रिस्ती लोकांच्या ‘गॉड’चे पहिले अक्षर मोठे आणि आपल्या देवांना ‘गॉड्स’ म्हणताना तेच अक्षर लहान, हा पंक्तिप्रपंच कशासाठी? या प्रश्नाच्या मुळाशी मानापमानाची भावना आहे. म्हणून तो झिडकारून चालणार नाही.

आमच्या मते येथे पंक्तिप्रपंच नाही. इंग्रजीतील मोठे अक्षर ही मानाची पगडी नव्हे, विशेषनामाची खूण आहे. रामाचे नाव मोठ्या अक्षराने लिहितात, तसे रावणाचेही. बायबलातील सैतानालाही ते अक्षर लाभते. ‘नदी’ हा शब्द लहान अक्षराने आणि ‘गोदावरी’ मोठ्या, तद्वत ‘देव’ हे सामान्यनाम असेल तेव्हा लहान, मग तो देव आपला गणपती असो वा ग्रीकांचा झ्यूस. एकमेव परमेश्वराचे नाव म्हणून तोच शब्द आला की मोठा. विठोबालाच सर्वस्व मानणारा वारकरी इंग्रजीत लिहू लागला, तर त्यालाही हा अधिकार आहेच.

आपल्या राज्यघटनेचा इंग्रजी पाठ पाहावा. तिसऱ्या अनुसूचीतील शपथेत ‘गॉड’ मोठ्या अक्षराने आहे, आणि ती शपथ कोणत्याही धर्माचा मंत्री घेऊ शकतो. २५व्या अनुच्छेदात ‘हिंदू’ आणि ‘शीख’ हे शब्द मोठ्या अक्षराने, पण ‘रिलिजन’ लहान. आणि शिखांना पूज्य असलेले ‘कृपाण’ही लहानच. घटनाकारांनी त्यात कोणाचा अवमान केला असे कोण म्हणेल? एक धर्माचे नाव, दुसरे वस्तूचे, एवढाच भेद.

परमेश्वराच्या सर्वनामांविषयी मात्र खुद्द इंग्रजीतही एकमत नाही. १६११ सालच्या प्रसिद्ध इंग्रजी बायबलात ती लहान अक्षरानेच छापली आहेत. पुढे अनेक भाविकांनी ती मोठी केली. आजही दोन्ही रीती आढळतात.

आपल्या देवनागरीत तर लहानमोठे अक्षरच नाही. आपला आदर क्रियापदात दिसतो : ज्ञानेश्वर महाराज ‘म्हणाले’. पण विठोबाला आपण ‘तू’ म्हणतो, जसे आईला म्हणतो. त्या एकेरीत अनादर नाही, जिव्हाळा आहे. प्रत्येक भाषेची मानाची रीत निराळी. एकीच्या मापाने दुसरीला मोजू नये.

तेव्हा मुलांना इतकेच सांगावे : धर्म, पंथ, धर्मग्रंथ आणि दैवते यांची नावे मोठ्या अक्षराने लिहा, पूजा, आरती, प्रसाद ही सामान्यनामे लहान अक्षराने. आणि हा नियम सर्वांना सारखा लावा. आपले ‘वेद’ मोठ्या अक्षराने लिहून शेजाऱ्याचे ‘कुराण’ किंवा ‘बायबल’ लहान अक्षराने लिहिले, तर खरा पंक्तिप्रपंच तो होय. आपले मंडळ परक्या प्रांतात पन्नास वर्षे नांदले, ते शेजाऱ्यांचा मान राखूनच. तोच मान मुलांच्या लेखणीतही उतरावा, अशी इच्छा व्यक्त करून आम्ही आपली रजा घेतो.