उलट वाटेचें कोडें

दिवाळीच्या सुटींत धुळ्याहून जळगांवास मामाच्या घरीं आलेला सातव्या इयत्तेंतला एक मुलगा तीन दिवस एका गोदामांत अडकून पडला होता. गोदाम मोबाइलच्या कांचेवरचें; त्यांतला राखणदार करंगळीच्या नखाएवढा; आणि काम म्हणाल तर तीन पेट्या तीन खुणांवर नेऊन ठेवण्याचें. पण पुढ्यांतलें दूध निवत होतें, अंगणांतले सोबती हांका मारमारून निघून जात होते, आणि हा मान वर करीत नव्हता. ज्या पायरीला मुलांच्या भाषेंत ‘लेव्हल’ म्हणतात, तसली ही अकरावी लेव्हल होती. पहिल्या दहा त्यानें पार केल्या होत्या खऱ्या. पण त्यांतल्या निम्म्या कशा, तें पुढें येईलच.

ह्या खेळाचा मूळ पुरुष जपानी. हिरोयुकी इमाबायाशी ह्या गृहस्थानें तो रचला आणि थिंकिंग रॅबिट नांवाच्या कंपनीनें 1982 सालीं तो बाजारांत आणला. ‘सोकोबान’ हें त्याचें नांव. त्याचा अर्थच गोदामाचा राखणदार. तेव्हांपासून त्याच्या नकला किती झाल्या त्याला गणती नाहीं. राखणदाराच्या जागीं कोठें मांजर येतें, कोठें यंत्रमानव येतो. नियम मात्र तेच राहतात. राखणदारानें चार दिशांनीं चालावें. पेटीच्या मागें उभें राहून ती एक घर पुढें ढकलावी. एका वेळीं एकच पेटी ढकलावी. आणि ओढूं मात्र नये. सारी मेख ह्या शेवटच्या नकारांत आहे. कोपऱ्यांत गेलेली पेटी तेथेंच राहिली, कारण तिच्या मागें उभें राहावयास जागाच उरत नाहीं. नुसती एका भिंतीला लागली तरी ती भिंतीच्या कडेनें सरकेल, पण भिंत सोडून परत यावयाची नाहीं. कापसाच्या गाठी आणि केळ्यांचे घड ज्यांनीं हलविलेले पाहिले आहेत त्या खानदेशच्या लोकांना गोदाम समजावून सांगण्याची गरज नाहीं. पण ज्या गोदामांत माल ओढण्याची बंदी आहे, तें मात्र त्यांनींही पाहिलें नसेल.

अकराव्या लेव्हलचें गोदाम असें होतें. पांच घरें लांब आणि पांच घरें रुंद असा एक चौक. त्याच्या पश्चिमेच्या भिंतीच्या बरोबर मध्यावर एक अरुंद बोळ. तो तीन घरें खोल, आणि टोकाशीं बंद. तिन्ही खुणा ह्या बोळांतच, एकीमागें एक. बोळाच्या तोंडासमोर, चौकांतल्या पहिल्याच घरांत, एक पेटी. उरलेल्या दोन चौकाच्या मध्यघराला लागून, एक उत्तरेस व एक दक्षिणेस. आणि राखणदार? तो बोळाच्या आंत, अगदीं टोकाच्या खुणेवर उभा. म्हणजे जिला घरांत घ्यावयाचें तिलाच आधीं घरापासून दूर लोटल्याशिवाय ह्याची सुटका नाहीं.

पहिल्या दिवशीं मुलानें तोंडावरची पेटी जी ढकलली ती ढकलीतच गेला. चौथ्या ढकलीला ती पूर्वेच्या भिंतीला भिडली आणि डाव संपला. दुसऱ्या दिवशीं तो एकाच ढकलीला थांबला, वळसा घालून पेटीच्या पूर्वेस आला आणि ती बोळांत घातली. पेटी खुणेवर आली कीं तिचा रंग पालटतो आणि एक गोड टिणकार होतो. पहिल्याच खुणेवर तो टिणकार ऐकून स्वारी खूष झाली आणि पेटी तेथेंच सोडून दुसरी आणावयास गेली. दुसरी पेटी बोळाच्या तोंडाशीं येऊन पहिलीला टेकली. दोन पेट्या एकदम ढकलतां येत नाहींत. ती गांठ सोडविण्याचा धीर न धरतां त्यानें डाव मोडला. तिसऱ्या दिवशीं पुन्हा तेंच. टिणकाराचा मोह मोठा वाईट. तो मोठ्या माणसांनाही सुटत नाहीं.

दहावींत शिकणारी मामेबहीण शेजारीं बसून हें पाहत होती. ती म्हणाली, "अरे, उत्तर बघून घे ना. कोणीतरी खेळून दाखवलेलं असतंच."

"बघितलंय, ताई. पांच लेव्हली तशाच सोडवल्या. परत खेळायला गेलों तर एकही येईना." आणि मग, कांचेवरून नजर न काढतां तो पुढें म्हणाला, "मला हें जमायचं नाहीं. मला गणितच येत नाहीं."

खेळाच्या गोष्टींत गणित कोठून आलें, हें घरांत कोणीं विचारलें नाहीं, कारण सर्वांस तें ठाऊक होतें. सहामाहींत त्याला गणितांत पन्नासापैकीं अकरा गुण मिळाले होते. मुलाला गणिताचें डोकें नाहीं, असें वडिलांस शाळेंत सांगण्यांत आलें होतें. वडिलांनीं तें घरीं सांगितलें. आणि आतां मुलगा तें स्वतःच, एखादा पाठ केलेला पाढा म्हणावा तसें, म्हणूं लागला होता. बारा वर्षांच्या मुलाच्या तोंडीं हें वाक्य अकरा गुणांपेक्षां अधिक वाईट.

मामा मालवाहतुकीच्या एका कचेरींत हिशेबनीस. संध्याकाळीं ते घरीं आले, हातपाय धुतले, आणि भाच्याच्या शेजारीं बसून कांहीं वेळ नुसते पाहत राहिले. मग म्हणाले, "आमची गाडी जळगांवाहून निघते. एरंडोलला थोडा माल उतरतो, पारोळ्याला थोडा, राहिलेला धुळ्याला. सांग बरं, गाडींत आधीं कुठला माल चढवायचा?"

"एरंडोलचा. तो आधीं लागतो."

"म्हणजे तो हौद्याच्या टोकाशीं गेला. मग एरंडोलला पारोळ्याचा आणि धुळ्याचा सगळा माल रस्त्यावर काढा, एरंडोलचीं पोतीं उतरवा, आणि सगळं पुन्हा चढवा. हमाल मला जागचा हलूं देतील कां रे?"

मुलगा हसला. थोडा वेळ गेला. "धुळ्याचा आधीं," तो म्हणाला. "मग पारोळा. एरंडोल सगळ्यांत शेवटीं, फळीजवळ."

"हें तुला गाडी भरून कळलं?"

"नाहीं. उतरवून."

मामांनीं ह्यावर कांहींच म्हटलें नाहीं. ते जेवावयास उठले; आणि हें त्यांचें न बोलणें फार मोलाचें होतें.

मुलानें वहीचा चौकटींचा कागद घेतला, त्यावर गोदाम आंखलें आणि चिवड्यांतले तीन शेंगदाणे तिन्ही खुणांवर ठेवले. म्हणजे लेव्हल सुटल्यावर जें दिसावयाचें तें त्यानें आधीं मांडलें, आणि तेथून तो मागें निघाला. मागें जातांना ढकलणें चालत नाहीं. ढकलण्याच्या उलट ओढणें, आणि ओढावयाचें म्हणजे राखणदार पेटीच्या बोळाबाहेरच्या बाजूस हवा. बोळांतून प्रथम निघूं शकतो तो तोंडाजवळचा दाणा. म्हणून सरळ खेळांत तो सर्वांच्या शेवटीं जावयाचा. टोकाचा दाणा शेवटीं निघतो. म्हणून त्याला अग्रमान. एवढें कळल्यावर पुढचें काम पांच मिनिटांचें होतें. तोंडावरची पेटी एकच घर पूर्वेस लोटावी, उत्तरेच्या भिंतीकडून वळसा घेऊन मध्यघरांत यावें, आणि ती चार ढकलींत टोकाच्या खुणेवर न्यावी. मधल्या दोन टिणकारांकडे लक्ष देऊं नये. मग उत्तरेची पेटी वरून एक घर खालीं घेऊन मध्यघरांत आणावी, पूर्वेस जाऊन चार ढकलींत मधल्या खुणेवर. दक्षिणेची तशीच एक घर वर, आणि तीन ढकलींत तोंडाच्या खुणेवर. एकूण चौदा ढकली. तीन दिवसांचें गोदाम जेवणाचीं पानें वाढून होण्यापूर्वीं रिकामें झालें.

सगळ्याच लेव्हली इतक्या सालस नसतात. कॅनडांतील अल्बर्टा विद्यापीठाचे जोसेफ कल्बरसन यांनीं 1997 सालीं ह्या खेळाचें गणित करून दाखविलें, कीं संगणकास अतिशय अवघड जाणाऱ्या प्रश्नांचा जो वर्ग आहे त्यांत ह्या साध्या दिसणाऱ्या खेळाची गणना होते. कोणतेंही गोदाम घ्या आणि झटपट सोडवा, अशी सरसकट युक्ति कोणासही ठाऊक नाहीं. पण शेवटाकडून आरंभाकडे येण्याची वाट अनेक गोदामांत उपयोगी पडते, आणि ती वाट जपानांतून आलेली नाहीं.

शके 1072 मध्यें, म्हणजे इ. स. 1150 च्या सुमारास, भास्कराचार्यांनीं आपला ‘सिद्धान्तशिरोमणि’ रचला तेव्हां त्यांचें वय छत्तीस वर्षांचें होतें. त्याचाच ‘लीलावती’ हा अंकगणिताचा भाग. तींतलीं उदाहरणें म्हणजे पात्रांनीं गजबजलेलीं कोडीं आहेत. नऊ हात उंच खांबावर मोर बसला आहे. खांबाच्या बुडाशीं सापाचें बीळ. सत्तावीस हात दूरून साप बिळाकडे निघतो आणि मोर त्याच्यावर तिरपी झेंप घालतो. दोघांची वाटचाल सारखी झाली तर गांठ कोठें पडेल? बिळापासून बारा हातांवर. दोघेही पंधरा हात चालले. अर्जुनाचें कोडें तर खानदेशांतच काय, कोठेंही मुलांना आवडावें: अर्ध्या बाणांनीं कर्णाचे बाण तोडले, बाणांच्या वर्गमुळाच्या चौपट घोड्यांवर सोडले, सहा शल्यावर, तीन छत्र, ध्वज आणि धनुष्य यांवर, आणि एकानें मस्तक उडविलें, तर बाण किती? शंभर. घटिकापात्रांत मोतीं पडून लीलावतीचा मुहूर्त टळल्याची जी करुण कथा लोक सांगतात, ती फैझीनें 1587 सालीं केलेल्या फारसी भाषांतरांतून पसरली. भास्कराचार्यांच्या ग्रंथांत तिचा मागमूस नाहीं. ग्रंथांत आहे ती चपळ डोळ्यांची, प्रश्न विचारला कीं उत्तर देणारी मुलगी, आणि तीच अधिक गोड आहे.

ह्या मुलीला आचार्य एके ठिकाणीं विलोमविधि, म्हणजे उलट क्रिया, विचारतात. जेवणें आटोपल्यावर मामेबहिणीनें तेंच उदाहरण भावापुढें टाकलें. एक संख्या मनांत धर. तिला तिनानें गुण, आलेल्या गुणाकारांत त्याचाच पाऊण भाग मिळव, सातानें भाग, आलेल्या भागाकारांतून त्याचाच तिसरा हिस्सा वजा कर, उरलेल्याचा वर्ग कर, बावन्न वजा कर, वर्गमूळ काढ, आठ मिळव, दहानें भाग. उत्तर दोन आलें. मूळ संख्या कोणती?

"हें गोदामच आहे," मुलगा म्हणाला, आणि शेवटच्या खुणेवरून मागें निघाला. दोनाला दहानें गुणून वीस, आठ वजा, बारा, वर्ग, एकशें चव्वेचाळीस, बावन्न मिळवून एकशें शहाण्णव, मूळ चौदा. येथवर घोडा सरळ दौडला. पुढें, तिसरा हिस्सा वजा केला होता म्हणून त्यानें चौदांत चौदांचा तिसरा हिस्सा मिळविला, आणि अपूर्णांकांच्या चिखलांत रुतला. तो बराच वेळ कागदाकडे पाहत राहिला. बहीण सांगावयास पुढें सरसावली, तोंच मामांनीं तिला नजरेनेंच थांबविलें.

"ताई, हे चौदा म्हणजे तीन हिश्श्यांतले दोनच उरलेले हिस्से," अखेर तो म्हणाला. "गेलेला हिस्सा ह्यांचा तिसरा नाहीं, निम्मा आहे. ओढतांना बाजू बदलते तसं."

हीच ती जागा, जेथें मोठेमोठे घसरतात, आणि जिच्यासाठीं आचार्यांनीं नियमांत छेद बदलण्याची स्वतंत्र सूचना दिली आहे. चौदांत सात मिळवून एकवीस, सातपट एकशें सत्तेचाळीस, पाऊण भाग मिळवून हे झालेले, म्हणजे चारांचे सात झालेले, म्हणून त्यांतून तीन-सप्तमांश काढावयाचे, त्रेसष्ट, उरले चौऱ्यायशीं, तिनानें भागून अठ्ठावीस. त्यानें अठ्ठावीस घेऊन सरळ वाटेनें पुन्हा दोनापर्यंत जाऊन पाहिलें, आणि मग एकदां तें पुन्हा केलें. कोणीं सांगितलें नव्हतें.

सुटी संपल्यावर मामा त्याला पोंचवावयास निघाले ते एरंडोल-पारोळ्याच्या वाटेनें नव्हे, तर आगगाडीनें चाळीसगांवावरून. तेथून धुळ्याचा फांटा 1900 सालापासून आहे. मधल्या वेळांत ते पाटणास जाऊन आले. चाळीसगांवापासून सुमारें 18 किलोमीटरांवर, सातमाळ्याच्या डोंगराच्या पायथ्याशीं, आतां गौताळा अभयारण्यांत मोडणारें हें देवीचें ठिकाण. भास्कराचार्यांचें स्वतःचें गांव कोणतें ह्याविषयीं विद्वानांत एकमत नाहीं. पण त्यांच्या घराण्याचा पाय ह्या मातींत रोवलेला होता, ह्याला दगडाचा पुरावा आहे. येथील देवळांतल्या शिलालेखाची माहिती डॉ. भाऊ दाजी यांनीं 1865 सालीं प्रसिद्ध केली. आचार्यांचा नातू चांगदेव हा यादव राजा सिंघण याचा मुख्य ज्योतिषी. आजोबांचे ग्रंथ शिकविले जावेत म्हणून त्यानें येथें मठ काढला, आणि निकुंभ घराण्यांतल्या सोइदेवानें शके 1128 मध्यें त्याला उत्पन्न लावून दिलें. लेखाचा बहुतेक भाग संस्कृत. पण शेवटीं, देण्याघेण्याचा तपशील आला तेव्हां, कोरणाऱ्यानें मराठी धरली. पाटणांत जो माल विकला जाईल त्यावर गिऱ्हाइकाकडून राजाला मिळणारा कर मठाला दिला, घाण्यामागें तेल दिलें, असें त्यांत आहे.

परतीच्या गाडींत मामांनीं हें सांगितलें तेव्हां भाच्यानें विचारलें, "म्हणजे मालाच्या पैशांवर गणिताची शाळा चालायची?"

"चालायची खरी."

"आणि मठ?"

"मठ नाहीं राहिला."

मुलगा थोडा वेळ खिडकीबाहेर कपाशीचीं शेतें पाहत बसला. मग त्यानें पिशवींतून चौकटींचा कागद काढला, मामांकडून शेंगदाण्यांची पुडी मागून घेतली, आणि बाराव्या लेव्हलच्या चार खुणांवर चार दाणे मांडले.