भस्म्या : भूक की रोग?



मूल पानावर भरपूर जेवू लागले की आपल्याकडे आई कृतार्थ होते आणि आजी दृष्ट काढते. 'भूक लागते ना, मग काळजी कसली?' असे आपण म्हणतो. आम्हीही म्हणत होतो. आमचा तरुण भाचा पहाटेच्या लोकलला निघण्यापूर्वी चार भाकऱ्या खाई, डबा संपवून कारखान्यात पुन्हा खाई, रात्री उठून तांब्या रिकामा करी. आम्ही कौतुक केले. सदरा त्याच्या अंगावर लोंबू लागला आहे, हे इथल्या, चिखलोलीतल्या शिंप्याने आमच्या आधी पाहिले!

या भुकेला मराठीत नाव आहे : भस्म्या. चरकसंहितेत तिला अत्यग्नी म्हटले आहे. कफ क्षीण झाला, पित्त भडकले, वायूने त्याला फुंकर घातली की जठराग्नी आधी अन्न जाळतो आणि मग शरीराचे धातू. खाल्ले की बरे वाटते, पचले की ग्लानी येते. उपाय सांगितला आहे तो जड, स्निग्ध, थंड व गोड अन्नाचा.

चिनी वैद्यांचे निदानही आश्चर्य वाटावे इतके जवळचे आहे. जठरात उष्णता साचली की अन्न झरझर पचते, माणूस पुन्हा भुकेला होतो, आणि आगीने शरीरातले रस आटतात. परंतु ते एवढ्यावर थांबले नाहीत. भुकेशेजारी त्यांनी तहान आणि लघवी मांडली. तिन्हींच्या या झिजवणाऱ्या रोगाला ते 'श्याओ-खे' म्हणतात. वरचा प्रकार तहानेचा, मधला भुकेचा, खालचा लघवीचा. सातव्या शतकातील सुन् स-म्याव या वैद्याने अशा रोग्याला मद्य, खारट पदार्थ आणि पिठाचे पदार्थ वर्ज्य सांगितले.

आपल्या चरकानेही प्रमेहाच्या रोग्याच्या मूत्राकडे मुंग्या धावतात, हे नोंदले आहे. म्हणजे भस्म्या निराळा आणि प्रमेह निराळा. आणि धोका नेमका इथेच आहे. भस्म्या समजून मधुमेह्याला गोडधोड चारले, तर आगीत तेल ओतल्यासारखे होते.

आजचे शास्त्र सांगते की इन्सुलिन नसले तर साखर रक्तात फिरत राहते आणि पेशी उपाशी मरतात. घरात धान्य आणि चूल थंड, अशी ती दशा. १९२१ साली टोरांटोत बँटिंग व बेस्ट यांनी इन्सुलिनचा शोध लावला. जानेवारी १९२२ मध्ये लिओनार्ड थॉम्प्सन या चौदा वर्षांच्या मुलाला ते प्रथम टोचले. त्यापूर्वी अशा मुलांना उपासावर ठेवून थोडे दिवस जगवीत, इतकेच. काढे आणि पथ्ये यांचा मान आम्ही राखतो. पण जिथे शरीरात इन्सुलिनच उरलेले नाही, तिथे त्याची जागा कोणताही काढा घेऊ शकत नाही. कंठग्रंथी अतिरेकाने काम करू लागली तरी भूक वाढते आणि अंग वाळते. म्हणून तर्क नको, तपासणी हवी.

तेव्हा आमची एवढीच विनंती : भूक वाढली तर आनंद माना, भूक वाढून अंग उतरले, तहान आणि लघवी वाढली, तर त्याच दिवशी रक्तातली साखर तपासून घ्या. आमचा भाचा वाचला. आज तो सुई टोचून घेतो आणि त्याच पहाटेच्या लोकलने कामावर जातो. कौतुक करायचेच, तर आम्ही आता शिंप्याचे करतो.