जुन्या ट्रॅक्टरचा रंग : आधी रोग ओळखा, मग उपाय करा



पिकाची पाने पिवळी दिसली म्हणून कोणी लगेच पंप पाठीवर घेत नाही. नत्र कमी पडले, की मुळाशी पाणी साचले, की कीड लागली, हे आधी पाहावे लागते. आज हीच रीत आपल्याला जुन्या ट्रॅक्टरच्या रंगासाठी वापरायची आहे.

पंधरा-वीस वर्षे वापरलेला ट्रॅक्टर. इंजिन ठणठणीत, टायर बरे, पण बॉनेटचा लाल रंग पार गुलाबट आणि पांढुरका झालेला. अशा वेळी काही जण म्हणतात, "आता सगळा रंगवूनच काढू." काही म्हणतात, "रंगाचं काय घेऊन बसलात? नांगरट काय रंग बघून होते?" या दोन्ही बोलण्यांत थोडी घाई आहे. रंग हा पत्र्याचा अंगरखा आहे. तो विरला की पावसाचे पाणी आणि खताचा अंश थेट लोखंडाला भिडतो. पत्रा सडला तर खर्च मोठा, आणि विकायला काढला तर गिऱ्हाईक पहिल्या नजरेतच भाव पाडते. उलट, फिका दिसणारा प्रत्येक रंग गेलेला असतो असेही नाही. पुष्कळदा खाली चांगला रंग शिल्लक असतो.

रंग फिका का पडतो, ते पाहू. रंगात दोन गोष्टी असतात. एक रंगाची पूड आणि दुसरी ती पूड धरून ठेवणारी राळ. उन्हातील अतिनील किरणांनी वरची राळ हळूहळू मरते आणि पूड सुटी होते. चुना दिलेल्या भिंतीला पाठ टेकली की सदऱ्याला पांढरे लागते ना, तसाच हा प्रकार. लाल रंगावर तो लवकर दिसून येतो.

आता रोग ओळखू. सकाळच्या वेळी, पत्रा थंड असताना, धुतलेल्या बॉनेटवरून पांढरे ओले फडके दाबून फिरवा.

पहिला प्रकार : फडक्याला रंग लागला, पण पृष्ठभाग अखंड आहे. हा बरा होणारा रोग. घासून उजळेल.

दुसरा प्रकार : रंगाला बारीक भेगा आहेत, किंवा कांद्याच्या पापुद्र्यासारखी साल निघते आहे. अलीकडच्या काही गाड्यांना रंगावर पारदर्शक थर असतो, तो असा सुटतो. तेवढा भाग खरवडून पुन्हा रंगवावाच लागतो. घासण्यात वेळ घालवू नका.

तिसरा प्रकार : तांबूस ठिपके, फुगलेले फोड. हा गंज. वरून कितीही चमकवा, खाली तो खातच राहतो. पहिला उपचार याचा करावा.

गंज कोठे शोधाल? मडगार्डच्या आतील बाजूस जिथे चिखल साचतो तिथे, बॅटरीच्या पेटीखाली, पायदानावर आणि हत्यारांच्या पेटीच्या तळाशी. युरिया, पोटॅश ही खते हवेतील ओल ओढून घेतात. सांडलेली खते पत्र्यावर राहिली की गंज झपाट्याने वाढतो. नाशिक-सांगलीकडील द्राक्ष बागायतदारांनी बोर्डो मिश्रणाबाबत विशेष जपावे, कारण मोरचूद लोखंडाला खातो. कोकण किनाऱ्यावर खारा वारा हेच काम करतो.

गंजाच्या जागी तारेचा ब्रश आणि पॉलिश पेपर वापरून चकचकीत लोखंड दिसेपर्यंत घासावे. भोवतालच्या चांगल्या रंगाची कडही बोटाला लागणार नाही इतकी उतरती करावी. जागा पुसून पूर्ण कोरडी होऊ द्यावी आणि त्याच दिवशी रेडऑक्साइडचा हात द्यावा. उघडे लोखंड रात्रभर दवात ठेवले तर सकाळी पुन्हा तांबूस झालेले दिसेल. एक जाड हात देण्यापेक्षा दोन पातळ हात चांगले. रेडऑक्साइड ओल पूर्ण अडवत नाही, म्हणून तो वाळला की त्याच छटेचा इनॅमल रंग वर दिलाच पाहिजे. सायलेन्सरला मात्र साधा रंग टिकत नाही, जळून जातो. त्याला उष्णता सहन करणारा चंदेरी रंग मिळतो, तो द्यावा.

येथे एक धोक्याची सूचना, आणि ती मनावर घ्या. जुन्या रंगांत शिसे असू शकते. केंद्र सरकारने २०१६ च्या नियमांनी शिशावर कडक मर्यादा घातली, पण ती घरगुती व सजावटीच्या रंगांपुरती. तेव्हा जुना रंग कोरडा घासून धूळ उडवू नका. वॉटर पेपर घ्या, पाणी लावून घासा. तारेच्या ब्रशने घासतानाही जागा ओली ठेवा. तोंडा-नाकावर मास्क असू द्या. लहान मुले आणि गरोदर बाई जवळ नको. आणि हे काम गोठ्याशेजारी मुळीच करू नका. जनावरांना रंगाचे कपचे चाटायची सवय असते. शिसे पोटात गेले की वासरू दात खाते, त्याला दिसेनासे होते, झटके येतात आणि ते दगावूही शकते. खाली जुने पोते किंवा प्लॅस्टिक अंथरा. निघालेला चुरा गोळा करून पिशवीत घट्ट बांधा. शेणखताच्या खड्ड्यात किंवा विहिरीजवळ टाकू नका, चुलीतही जाळू नका.

आता पहिल्या प्रकाराकडे, म्हणजे उजळणीकडे वळू. साहित्य थोडेच लागते : बारीक रबिंग कंपाऊंडचा एक डबा, गाडीला लावायचे मेण, सौम्य साबण आणि पाच-सहा मऊ सुती फडकी. जुने धोतर किंवा लुगडे उत्तम. त्याला बटण, हुक असू नये.

इंजिन थंड असताना, सावलीत ट्रॅक्टर धुवा. आधी नुसत्या पाण्याने माती भिजवून वाहून जाऊ द्या. कोरडी माती पुसली तर प्रत्येक खडा ओरखडा काढतो. धुण्याचा सोडा वापरू नका, त्याने इनॅमलचे तेज जाते. बॅटरी, वायरी आणि एअर क्लीनरवर पाण्याची धार मारू नका. नंतर पूर्ण कोरडे करा. कंपनीची नावे, पट्टे हे स्टिकर असतात. त्यांवर आणि रबरावर कागदी चिकटपट्टी लावून घ्या.

आधी कोपऱ्यातील वीतभर जागेवर प्रयोग करा. ओलसर फडक्यावर रुपयाएवढे कंपाऊंड घ्या आणि सरळ रेषेत, मागे-पुढे, हलक्या हाताने घासा. फडक्याला लाल रंग लागेल. घाबरू नका, ती मेलेली पूड आहे. पुसून पाहा. खालून गडद रंग आला तर पुढे चला. एका वेळी फूटभर चौकोनच घ्या. कंपाऊंड वाळू देऊ नका. फडके भरले की बाजू बदला.

हां, पण इथे हात आवरता घ्यायला हवा. रंगाचा हा सगळा थर पोस्टकार्डापेक्षा पातळ असतो. जमिनीचा वरचा सुपीक थर एकदा वाहून गेला की परत येत नाही, तसेच हे आहे. कडा आणि उंचवटे यांवर रंग आणखी पातळ असतो. तिथे एक-दोन हातच द्या. खालचा प्राइमर दिसू लागला की थांबा. दरवर्षी कंपाऊंड मारण्याची सवय लावून घेऊ नका.

घासून झाले की पुन्हा धुवा, कोरडे करा आणि मेण लावा. खरे टिकवण्याचे काम मेणच करते. पातळ थर लावा, धुरकट दिसू लागला की स्वच्छ फडक्याने पुसा. वर पाणी शिंपडले आणि त्याचे थेंब अळूच्या पानावरच्यासारखे गोल झाले, तर काम जमले. थेंब पसरू लागले की पुन्हा मेण लावण्याची वेळ आली असे समजा. उघड्यावर उभ्या ट्रॅक्टरला तीन-चार महिन्यांनी लावावे. पावसाळ्याच्या तोंडी एक हात चुकवू नये. नव्याने रंगवलेल्या भागाला मात्र महिनाभर मेण नको, आतला रंग पुरता वाळू द्यावा. म्हणूनच क्रम असा ठेवा : आधी गंज व रंग, मग घासणे, शेवटी मेण. मेणावर रंग धरत नाही.

काही जण दसऱ्याला ट्रॅक्टर डिझेलने किंवा जळक्या तेलाने पुसतात. पूजेपुरती चमक येते खरी, पण त्यावर धूळ चिकटते, रबर फुगते आणि आगीची भीती राहते. त्यापेक्षा स्वच्छ पाणी बरे.

पूर्ण ट्रॅक्टर रंगवायचाच ठरला, तर इंजिन आणि चासीचे नंबर खरवडू नका, रंगाखाली बुजवू नका. मागचे लाल रिफ्लेक्टरही झाकू नका. रात्री उसाची ट्रॉली घेऊन जाताना तेच मागच्याला दिसतात. नोंदणीच्या कागदावर रंग लिहिलेला असतो. तो बदलायचा असेल तर आधी परिवहन कार्यालयात विचारा.

थोडक्यात सांगायचे तर :

१. ओल्या पांढऱ्या फडक्याने परीक्षा करा, मगच खर्च ठरवा.
२. गंजाचा उपचार पहिला.
३. जुना रंग पाणी लावूनच घासा. मुले व जनावरे दूर ठेवा.
४. कंपाऊंड कमी, मेण वेळेवर.
५. खत टाकल्यावर, फवारणी झाल्यावर ट्रॅक्टर त्याच दिवशी धुवा.
६. सावलीत उभा करा. प्लॅस्टिकचा कागद घट्ट गुंडाळू नका, आत ओल धरते.

बैलाच्या अंगावरून हात फिरवताना त्याची जखम, गोचीड आपोआप हाताला लागते. ट्रॅक्टर फडक्याने पुसतानाही तसेच होते. तेलाची गळती, सैल नट, चिरलेली वायर हे सगळे तेव्हाच नजरेस पडते. म्हणून सवडीचे दोन दिवस काढा आणि हे काम घरच्या माणसांनीच करा.