विजेची अमानत

(संस्थेच्या महोत्सवी समारंभातील भाषण)



या शुभप्रसंगी दोन शब्द बोलण्याची मला आज्ञा झाली आहे. मी शिक्षक, वीजखात्यातला माणूस नव्हे. तरी विजेविषयीच बोलावे असे ठरविले आहे. विश्वासाने सोपविलेली वस्तू कशी सांभाळावी, हाच आपल्या संस्थेचा विषय. आणि वीज ही तशीच एक अमानत आहे.

आपल्या जिल्ह्याला वीज नवी नाही. गोकाकच्या धबधब्यावर फार पूर्वीच वीज तयार होऊ लागली. त्या काळी वीज सांभाळणे म्हणजे यंत्र आणि तारा शाबूत ठेवणे. आज उपकेंद्रांतील स्विच दूरच्या कक्षातून संगणकाने चालतात. सोय मोठी खरी. परंतु कर्मचाऱ्याची वाट चोरालाही सापडू शकते.

२३ डिसेंबर २०१५ रोजी युक्रेनमधील तीन वीज-कंपन्यांत असेच घडले. काही महिने आधी तेथील कर्मचाऱ्यांना साध्या दिसणाऱ्या ई-मेल आल्या होत्या. सोबतचा कागद कोणी उघडला आणि चोर आत शिरले. त्यांनी पासवर्ड मिळविले, कामाची रीत न्याहाळली आणि ऐन हिवाळ्यात उपकेंद्रे बंद पाडली. सुमारे सव्वादोन लाख ग्राहक अंधारात गेले. काही तासांत वीज परत आली, ती कर्मचाऱ्यांनी उपकेंद्रांवर जाऊन हातांनी स्विच जोडले म्हणून.

१२ ऑक्टोबर २०२० रोजी मुंबईची वीज गेली. लोकल गाड्या जागच्या जागी थांबल्या. मार्च २०२१ मध्ये राज्याच्या गृहमंत्र्यांनी घातपाताचा संशय बोलून दाखविला. केंद्रीय वीजमंत्र्यांनी कारण मानवी चूक असे सांगितले. त्या वादात मी शिरत नाही. चूक कोणती आणि घात कोणता याचा निवाडा चोख नोंदींवरच होतो, एवढेच म्हणतो.

म्हणूनच केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने २०२१ साली वीजक्षेत्रासाठी संगणक-सुरक्षेची मार्गदर्शक तत्त्वे काढली. पुढे एप्रिल २०२२ मध्ये सर्ट-इन या सरकारी संस्थेचा सर्वच क्षेत्रांसाठी आदेश निघाला : घुसखोरी ध्यानात येताच सहा तासांत कळवावी आणि संगणकाच्या नोंदी १८० दिवस जपाव्यात.

नियम उत्तम आहेत. पण वर्गातली काच फुटली की काय होते, हे मी जाणतो. छडीची भीती असली की सारा वर्ग मुका होतो. चूक सांगणाऱ्याचीच मान कापली जाणार असेल, तर सहा तास काय, सहा महिने कोणी तोंड उघडणार नाही.

हे आपल्या घरांनाही लागू आहे. ‘आज रात्री तुमची वीज तोडली जाईल, या क्रमांकावर फोन करा’ असे खोटे संदेश येतात. माझ्या परिचयातील एक वृद्ध गृहस्थ त्याला फसले. मुले हसतील म्हणून दोन दिवस ते बोललेच नाहीत, आणि पैसे अडविण्याची वेळ निघून गेली. असा संदेश आला तर त्या क्रमांकावर फोन करू नका. हेस्कॉमच्या कार्यालयात जाऊन विचारा. फसलात तर ताबडतोब १९३० वर कळवा. आणि मुलांनो, घरातील वडीलधारे असे काही सांगू लागले, तर हसू नका.

आपल्या संस्थेचा हिशेब सर्वांसमोर वाचला जातो. चूक निघाली तर तेथेच दुरुस्त होते. अमानत सांभाळण्याची हीच रीत वीजघरात असावी आणि आपल्या घरातही असावी, अशी इच्छा व्यक्त करून मी आपली रजा घेतो.