बंदिजनांसाठी ज्ञानदान : ग्रंथ कोणते द्यावेत?

(सिहोरा येथील सुवर्णमहोत्सवी समारंभातील व्याख्यान)



आहारदान, औषधदान, ज्ञानदान आणि अभयदान ही दानाची चार रूपे श्रावकाला बालपणापासून परिचित असतात. अन्न देताना भुकेल्याच्या पोटाचा विचार होतो, औषध देताना रुग्णाच्या व्याधीचा. ग्रंथ देताना मात्र बहुधा दात्याच्याच आवडीचा विचार होतो. मंदिरातील स्वाध्यायासाठी ग्रंथ दिला, तर यात फारसे बिघडत नाही, कारण तेथील वाचक तो ग्रंथ बाजूला ठेवून दुसरा घेऊ शकतो. कारागृहातील माणसाला ती मोकळीक नसते. जे कपाटात आहे तेच त्याला वाचावे लागते. म्हणून न्यासाच्या सुवर्णमहोत्सवात भंडारा जिल्हा कारागृहाला किंवा नागपूरच्या मध्यवर्ती कारागृहाला ग्रंथ देण्याचा विचार होत असेल, तर निवडीची जबाबदारी दात्यावर दुप्पट येते.

प्रथम हा वाचक कोण, हे पाहिले पाहिजे. 2022 अखेरच्या शासकीय आकडेवारीनुसार देशातील कैद्यांपैकी सुमारे 76 टक्के न्यायाधीन बंदी होते. त्यांचा दोष अद्याप सिद्ध झालेला नव्हता. अशा माणसाच्या हाती ‘पाप्या, पश्चात्ताप कर’ अशा सुराचे पुस्तक देणे म्हणजे न्यायालयाआधी दात्यानेच निकाल देणे होय. सिद्धदोष बंद्यालाही शिक्षा न्यायालयाने दिलेली असते. त्यात ग्रंथदात्याने भर घालण्याचे कारण नाही.

या संदर्भात रौहिणेय चोराची कथा मननीय आहे. त्याचा पिता लोहखुर याने मरताना त्याला बजावले होते की, महावीरांचे वचन कधीही ऐकू नकोस. एकदा समवसरणाजवळून जाताना तो कानांवर हात ठेवून पळू लागला, तोच पायात काटा रुतला. काटा काढण्यासाठी हात खाली आले आणि प्रभूंचे काही शब्द कानी पडले. देवांचे पाय भूमीला लागत नाहीत, पापण्या लवत नाहीत, माळा कोमेजत नाहीत, अंगाला घाम येत नाही, एवढेच ते वर्णन होते. पुढे तो पकडला गेला. अभयकुमाराने कबुलीजबाब मिळवण्यासाठी खोटा स्वर्ग उभा केला, तेव्हा भोवतीच्या ‘देवां’ना घाम आलेला आणि त्यांच्या पापण्या लवत असलेल्या पाहून रौहिणेयाला ते शब्द आठवले आणि कपट ओळखता आले. ओझरत्या शब्दांनी जर प्राण वाचले, तर पूर्ण वचन काय करील, या विचाराने तो प्रभूंना शरण गेला. येथे ध्यानात घेण्याजोगे हे की, ते शब्द चोरी सोडण्याचा उपदेश नव्हते. ते देवांचे साधे वर्णन होते. कोणते वाक्य कोणाला तारील, हे देणाऱ्याला आधी कळत नाही. म्हणून अनेक प्रकारचे ग्रंथ द्यावेत, हाच विवेक.

महाराष्ट्राचा अनुभवही हेच सांगतो. लोकमान्य टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात 1910-11 च्या हिवाळ्यात पेन्सिलीने ‘गीतारहस्य’ लिहिले. मागवलेले अनेक भाषांतील ग्रंथ हाताशी होते म्हणूनच ते शक्य झाले. साने गुरुजींनी 1933 मध्ये नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहिली. भारत संरक्षण नियमांखाली स्थानबद्ध असलेल्या प्रभाकर संझगिरी यांनी ‘अणूच्या अंतरंगात’ हे विज्ञानाचे मराठी पुस्तक कारागृहात लिहिले. ते प्रकाशनासाठी बाहेर पाठवण्यास शासनाने नकार दिला; परंतु सर्वोच्च न्यायालयाने 1965 मध्ये संझगिरी यांच्या बाजूने निर्णय दिला. आपल्या जवळच्या नागपूर कारागृहात जॉर्ज फर्नांडिस यांच्यासारख्या स्थानबद्धाला बारापेक्षा अधिक पुस्तके जवळ ठेवू न देण्याचे बंधन मुंबई उच्च न्यायालयाने अमान्य केले होते. आणि 2022 मध्ये तळोजा कारागृहात वुडहाउससारख्या विनोदी लेखकाचे पुस्तक सुरक्षेच्या कारणास्तव नाकारल्याची बाब पुढे आली, तेव्हा त्याच न्यायालयाने ती हास्यास्पद ठरवली. ग्रंथाला तुरुंगाच्या दारात अडवण्यापूर्वी सबळ कारण हवे, हा या सर्वांतील समान धागा आहे.

आता प्रत्यक्ष निवडीकडे वळता येईल. सिहोऱ्याच्या परिसराला मध्य प्रदेश लागून आहे. त्यामुळे मराठीबरोबर हिंदी पुस्तके अवश्य हवीत. नुकतेच वाचायला शिकलेल्यांसाठी मोठ्या अक्षरांची, सोप्या वाक्यांची पुस्तके असावीत. शिवणकाम, विद्युतकाम, धानशेती, दुग्धव्यवसाय यांवरील पुस्तके सुटकेनंतर उपयोगी पडतात. महिला बंद्यांसोबत सहा वर्षांपर्यंतची मुले राहू शकतात. त्या बालकांसाठी चित्रांची पुस्तके आठवणीने द्यावीत.

कायद्याच्या पुस्तकांबाबत विशेष दक्षता हवी. 1 जुलै 2024 पासून जुन्या दंड संहितेच्या व दंड प्रक्रिया संहितेच्या जागी नवे कायदे आले. पूर्वी कधीही दोषी न ठरलेल्या न्यायाधीन बंद्याने त्या गुन्ह्याच्या कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश इतका काळ कारागृहात काढला असेल, तर त्याला बंधपत्रावर मुक्त करण्याची तरतूद भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 479 मध्ये आहे. मृत्युदंड वा जन्मठेपेचे गुन्हे आणि एकाहून अधिक खटले हे त्याला अपवाद आहेत. जुन्या कायद्यात ही मर्यादा निम्म्या काळाची होती. माळ्यावरचे जुने पुस्तक पुण्यकर्म म्हणून दिले आणि ते वाचून कोणी आपला हक्क मागायचाच राहिला, तर त्या दानाला ज्ञानदान कसे म्हणावे? नवी मार्गदर्शिका द्यावी, आणि कोठडीतील व्यक्तीला 1987 च्या कायद्यानुसार विनामूल्य विधी साहाय्य मिळते, हेही तीत ठळक असावे.

कोणी विचारील की, धर्मादाय निधीतून रहस्यकथा आणि विनोदी पुस्तके का घ्यावीत? संयुक्त राष्ट्रांनी 2015 मध्ये स्वीकारलेल्या नेल्सन मंडेला नियमांत कारागृहाच्या ग्रंथालयात ज्ञानपर व मनोरंजनपर अशी दोन्ही प्रकारची पुस्तके असावीत, असे स्पष्ट म्हटले आहे. जो माणूस घराच्या चिंतेने रात्रभर जागा असतो, त्याला पु. ल. देशपांडे यांच्या एखाद्या पुस्तकाने घटकाभर हसवले, तर तेही अनुकंपेचेच कार्य आहे. शिवाय वाचनाची गोडी लागलेला हातच पुढे गंभीर ग्रंथाकडे जातो.

मग जिनवाणीला स्थान नाही काय? अवश्य आहे. अहिंसा, क्षमा आणि कर्मसिद्धांत सुबोध भाषेत सांगणारी मोजकी पुस्तके त्या कपाटात असावीत, पण अन्य धर्मांच्या ग्रंथांच्या शेजारी आणि कोणालाही आग्रह न करता. अनेकांताचा उपदेश करणाऱ्या समाजाने एकाच मताचे कपाट भरणे शोभणारे नाही. पानापानांवर दात्याचे नाव आणि छायाचित्रही नको; शिक्का एक पुरे.

शेवटची सूचना साधी आहे. खरेदीपूर्वी कारागृह अधीक्षकांना भेटून नियम समजून घ्यावेत, आणि त्यांच्या अनुमतीने एक कोरी वही ग्रंथालयात ठेवावी. ‘आपणांस कोणते पुस्तक हवे?’ हा एकच प्रश्न तीत असावा. पहिली खरेदी निम्म्या निधीतून करून उरलेला निधी त्या वहीतील मागण्यांसाठी राखून ठेवावा. ज्याला दिवसभर कोणी त्याची इच्छा विचारत नाही, त्याला ती विचारणे, येथून या दानाचा आरंभ व्हावा. सुवर्णमहोत्सवाचे मंडप उतरतील, स्मरणिका कपाटात जाईल. ती वही मात्र दर वर्षी उघडली गेली, तर महोत्सव सार्थकी लागला असे म्हणता येईल.